तार तुटली, तार जुळली

मी एक राउटर आहे. नाव ऐकून तुमच्या घरात टीव्हीशेजारी बसलेला दोन कानांचा डबा डोळ्यांसमोर आला असेल. तो माझा धाकटा भाऊ म्हणा. माझं कुटुंब फार मोठं. आरोग्य खात्याच्या जाळ्यात आम्ही दोनशे सत्तर जण होतो, शहरातल्या मोठ्या इस्पितळापासून थेट डोंगरावरच्या दवाखान्यापर्यंत पसरलेले. त्या डोंगरावरच्या दवाखान्यात, सामानाच्या खोलीत, मी अकरा वर्षं काढली. आता मी भंगारात जायचा आहे. जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती माझ्यामुळे घडली, आणि तिच्या नोंदी अजून माझ्या पोटात आहेत.

आधी आमचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. एका गावाहून निघालेला निरोप दुसऱ्या गावी पोचायचा, तर वाटेतल्या प्रत्येक चौकात कुणीतरी उभं राहून त्याला रस्ता दाखवावा लागतो. आम्ही ते चौकातले. त्यासाठी आमच्यातल्या प्रत्येकाजवळ सगळ्या जाळ्याचा नकाशा असतो. कुठे तार तुटली की तिच्या टोकाला जो बसला असेल त्याने लगेच शेजाऱ्यांना सांगायचं, शेजाऱ्यांनी पुढच्यांना. पापणी लवायच्या आत बातमी सगळीकडे. मग प्रत्येकाने हातातलं काम बाजूला ठेवून नकाशा पुन्हा मांडायचा आणि सगळे रस्ते नव्याने शोधायचे. तार जुळली की पुन्हा तेच. दिवसातून एकदोनदा असं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एखादा दिवसभर तेच सांगत सुटला, तर बाकीच्यांना दुसरं काही सुचत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. एक लांबलचक टेबल, हातमोजे घातलेली माणसं, आणि शेवटी थर्मोकोलचा अंधार. खोक्यातून बाहेर आलो तो खात्याच्या मुख्य कार्यालयात, शिकवणीच्या खोलीत. तिथे मला नकाशाबाई भेटल्या.

त्या खात्यातल्या इंजिनियर. खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण त्यांच्या टेबलामागची सगळी भिंत जाळ्याच्या नकाशाने व्यापलेली, तोही पेन्सिलीने काढलेला, म्हणून सगळे त्यांना नकाशाबाईच म्हणत. नव्या लोकांना त्या माझ्यावरच शिकवायच्या. माझी केबल काढायच्या, लावायच्या, आणि म्हणायच्या, "पाहा, हा लगेच सांगतो की नाही? जे झालं ते सांगणं हे ह्याचं काम. चांगलं की वाईट, ते त्याने ठरवायचं नाही." ते वाक्य मी मनावर घेतलं. दोन वर्षांनी माझी डोंगरावर बदली झाली.

दवाखाना तीन खोल्यांचा. माझ्या खोलीत कापसाचे गठ्ठे, सलाइनची खोकी, लहान मुलांचा वजनकाटा, एक चाक मोडलेलं स्ट्रेचर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी सगळा कारभार सिस्टरांचा. त्या पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, पण हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर मूल रडायचं विसरायचं. आठवड्यातून एकदा त्या ओल्या फडक्याने माझी धूळ पुसायच्या. मध्येच कुणी विचारलं की हे काय यंत्र, तर म्हणायच्या, "दिवसभर दिवे लुकलुकवत बसतो. खायला मागत नाही, उलटून बोलत नाही. आमच्या घरातल्यापेक्षा बरा."

माझ्या शेजारी तळहाताएवढी एक डबी होती. डोंगराखालून काचेची तार यायची ती त्या डबीत; डबी उजेडाची भाषा माझ्या भाषेत करून मला द्यायची. ती पडली की माझ्या लेखी तार तुटली. ही तार खरं तर राखीव होती. रोजचं काम दुसऱ्या तारेवरून चालायचं. त्यामुळे ती तुटली काय, जुळली काय, दवाखान्यात कुणालाच जाणवत नसे.

नऊ वर्षं सुरळीत गेली. मग लसींसाठी नवा फ्रीज आला. सिस्टरांना केवढा आनंद झाला. पूर्वी लसीचा डबा बर्फात घालून खालच्या गावातून आणावा लागे, आता इथेच साठा राहणार होता. फ्रीज माझ्याच खोलीत ठेवला. पण त्या खोलीत विजेची सॉकेटं दोनच, आणि त्यातलं एक ठिणग्या टाकायचं. सिस्टरांनी वायरमन पाठवा म्हणून वर पत्र लिहिलं. मग दुसरं. असं करत पाच पत्रं झाली. शेवटी कंटाळून त्यांनी घरून एक एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि फ्रीज, डबी आणि मी, तिघांनाही एकाच सॉकेटवर लावलं.

त्या दिवसापासून सगळं बिघडलं.

फ्रीजची मोटर सुरू झाली की सुरुवातीला वीज हिसका देऊन ओढून घ्यायची. माझं अंग दणकट. मला काही होत नसे. पण ती डबी बिचारी अशक्त. तिचे डोळे मिटायचे, थोड्या वेळाने उघडायचे. मी शेजाऱ्यांना सांगायचो, तार तुटली. मग सांगायचो, तार जुळली. मोटर थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. तार तुटली. तार जुळली. दिवसातून शंभर वेळा, कधी दीडशे वेळा. मी जे शिकलो होतो तेच करत होतो. खोटं एक अक्षर बोललो नाही. फ्रीजचा आणि डबीचा संबंध मला ठाऊक नव्हता. शंभर मैलांवर दोनशे सत्तर जण माझ्या प्रत्येक शब्दासरशी नकाशे मोडून पुन्हा मांडतायत, हे मला दिसत नव्हतं.

इथून पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. नकाशाबाई आमच्या खोलीत बसून सिस्टरांना सांगत होत्या, ते ऐकलेलं आहे.

शहरात रुग्णवाहिकांचा नियंत्रण कक्ष आहे. लोक तिथे फोन करतात, ऑपरेटर पत्ता लिहून घेतात आणि गाडी पाठवतात. ते फोन आमच्याच जाळ्यावरून जायचे. त्या कक्षाजवळ एक जुना, थकलेला राउटर होता. माझ्या बातम्यांनी सगळ्यात जास्त दमछाक त्याची व्हायची. तिथे एक ऑपरेटर होती, सात-आठ वर्षं त्याच खुर्चीत बसलेली. तिच्या लक्षात आलं की बोलता बोलता आवाज तुटतो. तिने तक्रार केली. ती नकाशाबाईंच्या टेबलावर आली. नकाशाबाईंनी लगेच पाहिलं. पाहिलं त्या क्षणी सगळं ठीक होतं. त्यांनी शेरा मारला, 'दोष आढळला नाही.' पंधरा दिवसांनी तीच तक्रार पुन्हा आली. पुन्हा पाहिलं, पुन्हा ठीक. तिसऱ्या वेळी ऑपरेटरने स्वतः फोन केला.

"मॅडम, आवाज जातो हो. मी काही उगाच नाही सांगत."

"अहो, मी आत्ता बघतेय ना. सगळं हिरवं आहे. तुमचा हेडफोन बदलून बघा."

तिने हेडफोन बदलला. नकाशाबाईंनी तिसरा शेरा मारला.

महिन्याभराने एका सकाळी, सव्वादहाच्या सुमाराला, एका शिंपीकाकांनी तिथे फोन लावला. त्यांची बायको स्वयंपाकघरात कोसळली होती, श्वास घेता येत नव्हता. तेव्हा इथे आमच्याकडे लसीकरणाचा दिवस होता. खोलीबाहेर बायका मुलांना घेऊन रांगेत बसल्या होत्या. सिस्टर दर दोन मिनिटांनी फ्रीज उघडत होत्या, उन्हाळ्याची गरम हवा आत शिरत होती आणि मोटर घडीघडी सुरू होत होती. त्या सकाळी मी जितकं बोललो तितकं कधीच बोललो नव्हतो.

शिंपीकाका पत्ता सांगत होते. "पाण्याच्या टाकीमागची गल्ली. गल्ल्या दोन आहेत, त्यातली—"

तेवढ्यात तो जुना राउटर नकाशा मांडण्यात इतका गुंतला की शेजाऱ्यांना 'मी आहे' एवढंही सांगायचं राहून गेलं. शेजाऱ्यांनी तो गेला असं धरलं आणि सगळे रस्ते त्याला वगळून आखले. आवाज गेला तो गेलाच, फोन बंद पडला. ऑपरेटरने लगेच उलटा फोन लावला. काकाही तिकडून तिलाच लावत होते. दोघांनाही लाइन व्यस्त मिळाली. वाट पाहण्यात अर्थ नव्हता म्हणून तिने गाडी टाकीमागच्या डावीकडच्या गल्लीत पाठवली. घर उजवीकडच्या गल्लीत होतं. सहा मिनिटं गेली. गाडी पोचली तेव्हा काकू गेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, सहा मिनिटं आधी पोचले असते तरी वाचल्या असत्याच असं नाही. वाचल्या नसत्या असंही ते म्हणाले नाहीत.

चौकशी बसली. ऑपरेटरने पत्ता पडताळला नाही, असा ठपका तिच्यावर आला आणि तिला घरी बसवलं. फोनची बाजू तपासायला नेमल्या गेल्या नकाशाबाई. त्यांनी फाइल उघडली, तर पहिल्याच पानावर त्यांच्याच सहीचे तीन शेरे.

"तिन्ही सह्या माझ्याच हो," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "ती सांगत होती. तीनदा सांगत होती."

त्यांनी मग तीनदा नजरेतून सुटलेल्या गोष्टीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आवाज आत्ता ठीक आहे का, हे न पाहता त्यांनी मोजलं की नकाशा दिवसातून किती वेळा मांडला जातो. दोनदा-तीनदा व्हावं, ते होत होतं तीनशे वेळा. प्रत्येक वेळी कुणाच्या बातमीमुळे, याचीही नोंद असते. ती त्यांनी ओळीने वाचली. प्रत्येक ओळीत माझं नाव.

त्यांचे साहेब म्हणाले, "सापडला ना? मग करा तो बंद. राखीव तार आहे, कुणाचं काही अडत नाही."

"बंद केला तर बोंब थांबेल साहेब. का मारत होता ते कळायला नको?"

"बाई, चौकशीला उत्तर हवंय. कारण कशाला हवंय?"

नकाशाबाईंनी तेव्हा दोन गोष्टी केल्या. सगळ्या राउटरांना सांगून ठेवलं की ह्याची बातमी आली तर लगेच धावू नका, थोडं थांबा. त्यामुळे शहरातले फोन त्याच दिवशी सुधारले. मग त्यांनी माझ्या आठवड्याभराच्या नोंदी कागदावर उतरवल्या, पिशवीत घातल्या आणि बस पकडून डोंगरावर आल्या.

दहा वर्षांनी त्यांना पाहिलं. केस पांढरे झाले होते. सिस्टरांना वाटलं, फ्रीज तपासायला कुणी आलंय.

"फ्रीजचं नाही, ह्याचं बघायला आलेय," नकाशाबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"ह्याचं? हा तर गरीब. ह्याने काय केलं?"

नकाशाबाईंनी खोक्यावर बैठक मारली आणि कागद मांडीवर पसरले. "सिस्टर, हे बघा. पहाटे हा चौदा-पंधरा मिनिटांनी तक्रार करतो. दुपारी सहा मिनिटांनी. ऊन वाढलं की ह्याचं बोलणं वाढतं. असं का होत असेल? तुम्ही इथे दिवसभर असता. दुपारी ह्या खोलीत काय बदलतं?"

सिस्टर विचारात पडल्या. "काय बदलणार? उकडतं." मग म्हणाल्या, "फ्रीज जास्त गुरगुरतो. आणि तो गुरगुरला की वरचा बल्ब जरासा मिचकतो. मला वाटायचं माझेच डोळे अधू झाले."

घड्याळ हातात घेऊन नकाशाबाई फ्रीजकडे बघत बसल्या. सिस्टरही शेजारी बसल्या. आठेक मिनिटांनी फ्रीजमध्ये टक् असा आवाज झाला, मोटर घरघरली, बल्ब मिचकला, आणि माझ्या शेजारच्या डबीचा हिरवा दिवा विझला. नकाशाबाईंनी एक्स्टेन्शन बोर्डवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या सॉकेटपासून वायर ओढून आणली, डबीला आणि मला त्यावर लावलं, आणि पुन्हा बसल्या. फ्रीज सुरू झाला. डबीचा दिवा जळतच राहिला. अजून एकदा झाला. जळतच राहिला. दुपारभर त्या तशाच बसून होत्या. मी त्या दुपारी एकदाही बोललो नाही.

"एवढंच?" सिस्टरांनी विचारलं.

"एवढंच."

मग त्यांनी शिंपीकाकांची सगळी हकिकत सांगितली. तारीख ऐकल्यावर सिस्टर उठून आपलं रजिस्टर घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी एक्केचाळीस मुलांना लस दिली होती. त्या पानाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे मी तो बोर्ड लावला म्हणून," त्या म्हणाल्या.

"नाही सिस्टर."

"नाही कसं? मीच लावला ना?" त्या कपाटाकडे गेल्या आणि एक फाइल आणून नकाशाबाईंच्या मांडीवर ठेवली. वायरमन पाठवा म्हणून लिहिलेल्या पाच पत्रांच्या नकला होत्या. उत्तर एकाच पत्राला होतं, दोन शब्दांचं: 'नोंद घेतली.' नकाशाबाईंनी ते दोन शब्द वाचले आणि डोळ्यांना पदर लावला. सिस्टरांनी त्यांना पाणी दिलं.

अहवाल लिहिताना साहेबांनी सुचवलं होतं, दवाखान्याने परवानगीशिवाय बोर्ड लावला एवढं एकच कारण पुरे. नकाशाबाईंनी अहवालाची सुरुवात स्वतःच्या तीन शेऱ्यांपासून केली. मग पाच पत्रं, मग बोर्ड. त्यांची बढती त्या वर्षी हुकली. ऑपरेटरला दोन महिन्यांनी कामावर परत घेतलं. ती आता पत्ता तीन-तीनदा विचारते, लोक वैतागतात, तरी विचारते. अहवाल गेल्यावर आठव्या दिवशी आमच्याकडे वायरमन आला.

त्यानंतर वर्षभराने, म्हणजे परवाच, नकाशाबाई पुन्हा आल्या. माझ्या जागी नवा राउटर बसवायचा होता. हे काम कुणीही केलं असतं, पण त्या स्वतः आल्या. बहुधा त्यांना सिस्टरांना काही सांगायचं होतं.

"त्या शिंपीकाकांकडे जाऊन आले," खोक्यावर बसत त्या म्हणाल्या. "साहेब म्हणत होते, खपली कशाला काढता. पण मला राहवेना."

"काय म्हणाले? ओरडले असतील."

"नाही. आधी बसा म्हणाले. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती, ती उचलून त्यांनी खुर्ची मोकळी करून दिली. मी सगळं सांगितलं. फ्रीज, बोर्ड, माझे शेरे. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष एकाच गोष्टीत अडकलं होतं. म्हणाले, 'म्हणजे फोन तुमच्याकडून बंद पडला?' मी हो म्हटलं. 'माझ्याकडून नाही?' मी म्हटलं, 'नाही काका. आमच्याकडून. एकोणीस सेकंद लाइनच नव्हती.' त्यांनी परत विचारलं. 'नक्की?' मी नोंदीचा कागद दाखवला. तर ते आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले."

सिस्टर हातातलं फडकं तसंच धरून उभ्या होत्या.

"म्हणाले, 'हाताला घाम सुटला होता. मला वाटलं, घाबरून माझाच अंगठा लागला आणि मीच फोन बंद केला.' सिस्टर, वर्षभर तो माणूस हेच धरून बसला होता. कुणाला बोलले नव्हते. मुलालासुद्धा नाही."

"अरे देवा," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"मग उठले, माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. म्हणाले, 'अरे, ऐक. त्या दिवशी फोन मी बंद नव्हता केला.' तिकडून मुलगा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी निघाले. दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, 'तुमच्यावर रागवायचं आहे मला. पण आज नको.'"

सिस्टरांनी माझ्यावरून शेवटचं फडकं फिरवलं. नकाशाबाईंनी माझ्या केबल एकेक करून काढल्या, अगदी सावकाश, आणि मला स्वतःच्या पिशवीत घालून खाली आणलं.

आता मी मुख्य कार्यालयाच्या जुन्या मालाच्या खोलीत, एका लोखंडी मांडणीवर आहे. शेजारी तुटके कीबोर्ड आणि एक बंद पडलेला पंखा. पुढच्या आठवड्यात माझ्या नोंदी पुसतील आणि सुटे भाग वेगळे करतील. त्याचं दुःख नाही. काकूंचं आहे. मी खरंच बोलत होतो, एवढं म्हणून ते कमी होत नाही.

तुम्ही माणसं आहात, तुमच्याकडे मी एकच मागतो. तुमच्या कचेरीत, घरात, कुणी तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलं, तर 'आत्ता तर सगळं ठीक आहे' असं म्हणून त्याला परत पाठवू नका. उठा, तो जिथे बसतो तिथे जा, आणि त्याच्या शेजारी दुपारभर बसा.